अपॉन टू ए नक्की कुणाच्या खाली?

भाची यंदा दहावीला आहे, त्यामुळे घरात माझी किंमत अचानक वाढलीये. परवा ताईचा फोन, हिची वर्गसमीकरणं चुकतायत, येऊन बघ जरा. गेलो. तर बाईसाहेबांना सूत्र तोंडपाठ, झोपेतून उठवलं तरी म्हणेल, मायनस बी प्लस ऑर मायनस अंडर रूट बी स्क्वेअर मायनस फोर ए सी अपॉन टू ए, एका दमात, पाढ्यासारखं. म्हटलं मग अडतंय कुठे, सोडव हे:

२क्ष² − ७क्ष + ३ = ०

उत्तरं आली उणे पावणेसहा आणि उणे सव्वाआठ.

(वहीत अर्थात एक्स होता, पण मी जुन्या वळणाचा, क्ष लिहिणार.)

विवेचक, म्हणजे रूटखालचं ते बी स्क्वेअर मायनस फोर ए सी, बरोबर काढला होता, ४९ − २४ = २५, वर्गमूळ ५. पुढे सगळं गंडलं. एक तर बी, म्हणजे क्ष चा गुणक, इथे −७ आहे, म्हणजे मायनस बी होतो +७, तिने नुसता −७ उतरवला. ही चूक सगळेच करतात, मीही केलीये. दुसरी जास्त मजेशीर, तिने फक्त त्या ५ ला ४ ने भागलं आणि −७ तसाच बाहेर उभा. विचारलं असं का, तर म्हणे "अरे मामा, अपॉन टू ए रूटच्या नंतर येतं ना!" आता बोला. पाठ म्हणताना कंस ऐकूच येत नाही, त्यामुळे शेवटचं अपॉन शेवटच्याच शब्दाला चिकटतं. तिचं काय चुकलं, चालच तशी आहे.

मग म्हटलं सूत्र ठेव बाजूला. समीकरणाला एच्या, म्हणजे क्ष² च्या गुणकाच्या, चौपटीने गुण, म्हणजे ८ ने:

१६क्ष² − ५६क्ष + २४ = ०

आता २४ पलीकडे ढकल आणि दोन्हीकडे बीचा वर्ग म्हणजे ४९ मिळव. डावीकडे आपोआप (४क्ष − ७)² तयार, उजवीकडे ४९ − २४, म्हणजे तोच २५. मग ४क्ष − ७ = ५ नाहीतर −५, क्ष = ३ नाहीतर अर्धा. अपूर्णांक थेट शेवटी आला, आणि ४ ने कुणाला भागायचं हा प्रश्नच उरला नाही कारण ७ आधीच पलीकडे जाऊन ५ शेजारी बसलाय. ८ च्या जागी ४ए ठेवून अक्षरांत हेच करा, आख्खं सूत्र निघतं. पूर्ण वर्ग पद्धतीत आधी ए ने भागून बी अपॉन टू ए चा वर्ग वगैरे जी चटणी होते त्यापेक्षा मला हे कधीही बरं वाटतं.

ही युक्ती जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची. त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ हरवला, पण हा नियम भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला आपल्या 'बीजगणित'मध्ये त्यांच्या नावानिशी दिला म्हणून टिकला. आणि भास्कराचार्य म्हणजे आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणशी नातं असलेले, तिथल्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. गंमत म्हणजे ब्राझीलमध्ये शाळेतली पोरं या सूत्राला भास्कराचं सूत्र म्हणतात, आणि आपल्याकडे नुसतं 'सूत्र'.

भाचीला इतिहासात शून्य इंटरेस्ट, पण माकडांत होता. भास्कराचार्यांचंच उदाहरण: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं रानात खेळतायत, उरलेली १२ टेकडीवर, तर एकूण किती? क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०, तिने चार ओळीत काढलं, ४८ किंवा १६. "दोन्ही कसं काय?" म्हटलं ताडून बघ. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२. बरोबर. ४८ चा ६, वर्ग ३६, अधिक १२. तेही बरोबर!

मग दुसरं दिलं, कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग, एवढी गुहेत गेली आणि एकच बाहेर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. पन्नास जमलं. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२, तिथे ती थांबली. वर्ग केला की ४ येतात, अधिक १, पाच, समीकरण तर खूश आहे. पण भास्कराचार्यांनी ५ घेतलं नाही, उणे संख्या लोकांना पटत नाही म्हणून.

"वजा दोन माकडं," ती हसायलाच लागली, आणि आईला सांगायला किचनमध्ये पळाली. सूत्र मात्र तिला लिहावंच लागणार, पेपरात 'सूत्राचा वापर करून सोडवा' असंच येतं. तेवढी ती आडवी रेघ मायनस बीपासून ओढ म्हटलं, पट्टी घेऊन.