आमची वाटचाल : अर्ध्या मिलिमीटरचा फरक

२०१६ साली पुण्यात तपकीर गल्लीजवळच्या एका छोट्या गाळ्यात मी आणि धाकट्या भावाने कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. पहिली काही वर्षं पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, विंडोज टाकणं यातच गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर सतत गणितं चालवून ते चलन कमावणं, बंद झालं आणि रात्रंदिवस तापलेली ग्राफिक्स कार्डं सेकंडहँड बाजारात आली. ती घेतलेली पोरं मग आमच्याकडे येऊ लागली.

तक्रार बहुतेक एकच. गेम पाच मिनिटं नीट चालतो, मग अडखळतो. आरटीएक्स ३०८० या ग्राफिक्स कार्डाची मेमरी ११० अंश सेल्सिअसवर गेली की कार्ड आपणहून वेग उतरवतं. उघडून बघावं तर थर्मल पॅड, म्हणजे चिपची उष्णता वरच्या धातूच्या हीटसिंककडे नेणारे मऊ तुकडे, तेल सुटून कडक झालेले.

अशाच एका ३०८० ला आम्ही सगळीकडे २ मिमीचे पॅड लावले. जाड तेवढं चांगलं, असा तेव्हा समज होता. मेमरी थंड झाली, आम्ही खूश. दोन दिवसांत तो मुलगा परत आला, आता कोअरचा, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचा हॉटस्पॉट (सगळ्यात तापलेला बिंदू) १०० अंशांच्या वर. हीटसिंक काढला तर दोघांमधली उष्णता वाहणारी पेस्ट कोअरवर पसरलीच नव्हती. कोअरभोवतीच्या दहा मेमरी चिपांवरच्या पॅडनी हीटसिंक वर उचलून धरला होता. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांचं कार्ड होतं ते. मला फार लागलं. पैसे परत केले आणि काम नव्याने करून दिलं.

तेव्हापासून मोजल्याशिवाय पॅड कापत नाही. जुना पॅड चिपच्या जागी दबलेला असतो, तिथलं माप फसवं. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावायचा तो न दबलेल्या कडेला. पॅड हाती नसेल तर चिपवर प्लास्टिकची पातळ पिशवी, तिच्यावर मुलांच्या खेळायच्या क्लेची गोळी ठेवून हीटसिंक कसायचा, उघडून क्ले मोजायची. फट १.२ मिमी निघाली तर १.५ चा मऊ पॅड दबून नीट बसतो. कडक पॅड तेवढा दबत नाही, म्हणून पाकिटावरच्या उष्णतावहनाच्या आकड्याइतकाच मऊपणाही आम्ही बघतो. मेमरी, व्हीआरएम (चिपांना वीज पुरवणारा भाग), बॅकप्लेट (कार्डाची मागची पट्टी) यांची मापं एकाच कार्डात वेगळी असतात. ती सगळी भाऊ मॉडेलनुसार वहीत लिहून ठेवतो. शेवटी कोअरवर पेस्ट नीट पसरल्याचा ठसा बघितल्याशिवाय कार्ड बंद होत नाही.

कार्ड घरी उघडलं असेल तर जुने पॅड टाकून देऊ नका, पिशवीत घालून सोबत आणा. तुकडे झाले असले तरी कडेचं माप मिळतं.