चेहरा मेणाचा, पडदा मात्र स्पष्ट

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. विचारता दोन तऱ्हांनी. एक, "फोन इतका भारी आहे, मग कॅमेरा कशाला घ्यायचा?" आणि दुसरी, जरा दबक्या आवाजात, "कॅमेरा घेतला, तरी फोटो फोनपेक्षा वाईट का येतात?" पहिल्यावर माझं उत्तर ठरलेलं असायचं: सेन्सर (उजेड टिपणारी चिप) मोठा, विषय संपला. दुसरा प्रश्न आला की तेच उत्तर माझ्या अंगावर यायचं.

कारण मी अर्धाच हिशेब सांगत होतो. मोठ्या कॅमेऱ्यांतला फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर सत्तरच्या आसपास. बारा पट! हे ऐकून समोरचा गप्प बसतो. पण उरलेला अर्धा हिशेब लेन्सचा आहे. बहुतेक जण पहिला कॅमेरा घेतात तो एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, सोबत १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी झूम लेन्स. सेन्सर फोनच्या साधारण पाचपट. पण ही लेन्स ५५ वर, म्हणजे पूर्ण झूमवर नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, आणि फोनची लेन्स एफ १.८ ची (एफचा आकडा लहान, तेवढी लेन्स जास्त उघडी). म्हणजे तेवढ्याच जागेवर फोनच्या सेन्सरला दसपट उजेड. पाचपट जागा, एकदशांश उजेड. फोन घेऊन जवळ गेलात आणि चौकट तेवढीच भरलीत, तर फोनला एकूण उजेड जवळजवळ दुप्पट मिळतो. त्यावर फोन एका क्लिकमध्ये सात-आठ फ्रेम काढून एकमेकींवर रचतो. नऊ फ्रेम रचल्या तर नॉइज, म्हणजे कमी उजेडात फोटोत दिसणारे दाणे, एकतृतीयांशावर येतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली, स्वस्थ बसलेल्या माणसाच्या फोटोत किट लेन्सवाला ऑटो मोड हरतो, आणि हरायलाच हवा. बॉडीला, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला, दोष देण्यात अर्थ नाही.

हे कबूल केलं म्हणजे फोन पुरे, असं नाही. एक फोटो घेऊ, बारकाईने बघण्यासारखा आहे.

अंधारं सभागृह, रंगमंचावर नाचणारी मुलगी, फोटो काढणारा दहाव्या रांगेत. फोन नवा, महागडा, तीनपट टेलिफोटोवाला, म्हणजे लांबचं जवळ आणणारी वेगळी लेन्स असलेला. मुलीने गिरकी घेतली, वेणी हवेत, नेमक्या क्षणी बटण दाबलं गेलं. फोनच्या स्क्रीनवर फोटो सुरेख दिसतो. मग भिंतीवर लावायला ३६ इंच रुंद प्रिंट काढतात, आणि प्रिंट हातात आल्यावर कोणी काही बोलत नाही. गाल मेणाचे झालेत. वेणीतले पेड दिसत नाहीत, नुसता गुळगुळीत दोर. टिकल्यांच्या जागी पांढुरके डाग, बोटं एकमेकांत विरघळलेली. आणि मागच्या पडद्याची घडी न् घडी मात्र लख्ख!

फोन बिघडलेला नाही. त्याने त्याचं काम चोख केलंय, आणि म्हणूनच हे झालंय. क्रमाने बघा. टेलिफोटोचा सेन्सर मुख्य सेन्सरपेक्षा लहान. उजेड कमी पडला की बरेच फोन ३x असं लिहून ठेवतात, पण फोटो मुख्य सेन्सरमधूनच कापून घेतात. (खात्री करायची तर मंद उजेडात ३x लावून टेलिफोटोच्या लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही, तर तुम्ही क्रॉप बघताय.) तीनपट क्रॉप म्हणजे एक नवमांश जागा. १२ मेगापिक्सेलपैकी उरतात जेमतेम १.३, बाकीचे सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले. सेन्सरवर पडलेल्या उजेडाचाही नववाच भाग कामी आला. मघाशी फोन जिंकला होता तो जवळ गेल्यामुळे. इथे जवळ जाता येत नाही.

मग फ्रेम रचायची वेळ. पडदा स्थिर, त्यामुळे सगळ्या फ्रेम बिनचूक बसल्या आणि पडदा स्वच्छ झाला. मुलगी प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी. रचली असती तर दोन चेहरे आले असते, म्हणून तेवढ्या भागापुरती फोनने एकच फ्रेम ठेवली. ती नॉइजने भरलेली, म्हणून जोरात घासून गुळगुळीत केली आणि वरून कडा धारदार केल्या. जिच्यासाठी फोटो काढला तिच्या वाट्याला सगळ्यात कमी माहिती आली. प्रिंटचा हिशेब करा: १.३ मेगापिक्सेल म्हणजे साधारण १३३० बाय १०००. ३६ इंचांवर पसरले की इंचाला ३७ ठिपके. हातात धरून बघायच्या प्रिंटला ३०० लागतात. भिंतीवरच्याला १०० चालतील, कारण आपण लांबून बघतो. पण ३७?

मग कॅमेऱ्याने काय झालं असतं? हातात ७०-२०० एफ २.८ ही लांबची लेन्स असती तर शटर सेकंदाच्या १/५००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड) एफ २.८, आयएसओ (टिपलेला उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा) ३२०० च्या आसपास, फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर. मागे काळोख असल्याने कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चेहरा पांढरा फटक पडतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्म्यावर. नॉइज आला असता, दाणेदार. पण दाण्यांच्या मागे वेणी वेणीच राहिली असती. आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने न घासलेला कच्चा फोटो, असती, तर किती घासायचं ते तुम्ही ठरवलं असतं.

पण तीच किट लेन्स असती तर? ५५ ला चौकटीत अर्धा रंगमंच. एफ ५.६ म्हणजे दोन स्टॉप कमी, आयएसओ १२८००. ऑटो मोड असता तर कॅमेऱ्याने शटर १/६० वर आणलं असतं आणि मुलगी पुसलेल्या रेघेसारखी आली असती. तेव्हा "कॅमेरा घ्या" एवढंच सांगणं लबाडीचं होतं, आणि मी ते बराच काळ सांगत होतो. बॉडी जुनी चालेल, लेन्स हवी. घरातल्या धावत्या मुलांसाठी ५० एफ १.८ किंवा एपीएस-सीवर ३५ एफ १.८, आणि ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर १/२५० ठेवा. हा एक बदल केला तरी दुसऱ्या प्रश्नाचे बहुतेक विचारणारे कमी होतील.

ज्यांना लेन्स बदलायची नाही, वजन उचलायचं नाही, त्यांनी फोनवरच राहावं. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. भर दिवसा, स्थिर विषय, स्क्रीनवरच बघायचं, तर दोन्हींतला फरक मलाही खात्रीने ओळखता येणार नाही. फक्त काढण्याआधी लेन्स पुसा; दिव्यांभोवतीचं धुकं निम्म्या वेळा बोटांच्या तेलाचं असतं. चेहरा काढताना १x वर नाक जवळ आणू नका, दोन पावलं मागे जाऊन २x घ्या. ग्रुपमध्ये जाड दिसणारा माणूस बहुधा कडेला उभा असतो, वाइड लेन्स कडा ताणते. पोर्ट्रेट मोड चष्म्याची काडी खातो, ते तिथल्या तिथे झूम करून बघा. आणि फोटो छापायला पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो वाटेतच आकसतो.

आता यावर तुम्ही म्हणाल, दहाव्या रांगेतल्या माणसाकडे ती दीड किलोची लेन्स असणारच नव्हती. असती तरी घरी कपाटात राहिली असती. खरं आहे. फोन खिशात होता म्हणून गिरकी मिळाली. जड लेन्स घेऊन आलेला कदाचित सेटिंग लावत बसला असता. माझ्याकडे याला चोख उत्तर नाही. एकदा वाटतं, मेणाचा का होईना, चेहरा आहे. एकदा वाटतं, तो तिचा चेहराच नाही, फोनने केलेला अंदाज आहे.

त्या फोटोचं काय करायचं, एवढं सांगू शकतो. ३६ इंचांचा हट्ट सोडा. सहा बाय चार इंचात छापा, तिथे इंचाला दोनशेच्या वर ठिपके मिळतात आणि मेण दिसत नाही. वेणीचे पेड मोजायला गेलात तर अजूनही सापडणार नाहीत.