२४ तासांनी चढलेला गॅमा-एचटूएएक्स

खारघरच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी फ्लो सायटोमीटरने (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राने) भलतंच चित्र दाखवलं. पेशी मोल्ट-४, म्हणजे टी-सेल ल्युकेमियाच्या. किरणांचा डोस २ ग्रे. गॅमा-एचटूएएक्सचा, म्हणजे डीएनए तुटल्याच्या खुणेचा, सिग्नल अर्ध्या तासाला चढला, तीन तासांनी उतरला, इथवर सगळं नेहमीसारखं. २४ तासांनी मात्र तो अर्ध्या तासाच्याही वर!

"सर, रिपेअर झालंच नाही," विद्यार्थिनी म्हणाली.

१ ग्रेला एका पेशीत डीएनएच्या साधारण ३५-४० दुहेरी तुटी होतात. एटीएम आणि डीएनए-पीके ही एन्झाइम्स तुटीभोवतीच्या एचटूएएक्स या प्रथिनाच्या १३९व्या जागच्या सेरीनवर फॉस्फेट चिकटवतात (तोच गॅमा-एचटूएएक्स), आणि बहुतेक तुटी काही तासांत सांधल्या जातात. मग २४ तासांनी एवढं उरलं कुठून?

पहिला संशय वाहतुकीवर. रुग्णांचं काम उरकल्यावर संध्याकाळी लिनॅक (किरणोपचाराचं यंत्र) मिळतो, ट्यूबा बर्फातून परत येतात. बर्फात दुरुस्ती थांबते आणि फोसायही (गॅमा-एचटूएएक्सचे ठिपके) तयार होत नाहीत, म्हणून घड्याळ ३७ अंशांच्या इन्क्युबेटरपासून लावायचं. नोंदी चोख होत्या.

मग सरासरीचा आकडा बाजूला ठेवून हिस्टोग्राम, म्हणजे किती पेशींत किती सिग्नल याचा आलेख, पाहिला. दोन शिखरं! मोठं शिखर जवळजवळ कंट्रोलच्या (किरण न दिलेल्या पेशींच्या) जागी, छोटं पार उजवीकडे. त्याच पेशी सायटोस्पिनने काचेवर घेतल्या, डॅपी (डीएनए दाखवणारा रंग) लावलं, सूक्ष्मदर्शकाच्या ६३एक्स भिंगाखाली पाहिल्या. बहुतेक केंद्रकांत मोजके ठिपके. मधूनच एखादं केंद्रक मात्र सबंध हिरवं, ठिपका वेगळा काढता येईना. काहींत फक्त कडेला हिरवं कडं. हे कडं म्हणजे अपॉप्टोसिसची, पेशीच्या ठरवून होणाऱ्या मृत्यूची, सुरुवात. त्यात कॅस्पेज-३ हे एन्झाइम सक्रिय होऊन डीएनए कापणारं एन्झाइम मोकळं सुटतं, आणि त्या तुकड्यांवरच्या एचटूएएक्सवरही तेच फॉस्फेट बसतं. दुरुस्ती झाली होती. ज्या पेशी मरत होत्या त्यांनी सरासरी वर ओढली होती.

खात्रीसाठी पुढच्या फेरीत एका ट्यूबमध्ये कॅस्पेज-रोधक झेड-व्हॅड २० मायक्रोमोलर घातलं. उजवं शिखर बसलं, डावं जागचं हललं नाही.

चिकटून वाढणाऱ्या पेशींत हा घोळ सहसा लपतो, कारण मेलेल्या पेशी सुटून धुण्यात वाहून जातात. तरंगत्या पेशींत त्या ट्यूबमध्येच राहतात. नुसतं सब-जी१ गेट लावून (डीएनए घटलेल्या पेशी वगळून) भागत नाही; कडं दिसणाऱ्या पेशींचा डीएनए अजून पुरेसा घटलेला नसतो. क्लीव्ह्ड (सक्रिय झालेल्या) कॅस्पेज-३ची अँटिबॉडी त्याच ट्यूबमध्ये, वेगळ्या रंगात लावावी, आणि दुरुस्तीचा आकडा फक्त कॅस्पेज-निगेटिव्ह पेशींवर काढावा.