चौथी बाजू सोडून

चालू हार्ड डिस्क टेबलावरून पडली, एवढंच त्या बाईंनी सुरुवातीला सांगितलं. त्या भाषेच्या अभ्यासक. गावोगाव फिरून घेतलेल्या मुलाखती त्या डिस्कमध्ये होत्या, दुसरी प्रत कुठेच नव्हती. खोदून विचारल्यावर कळलं, की कुणीतरी ती रात्रभर फ्रीझरमध्येही ठेवली होती. या उपायाचा मला मनापासून राग येतो. गार डिस्क बाहेर काढली की आत दव धरू शकतं.

"एकदा लावून तरी बघा," त्या म्हणाल्या. मी नकार दिला. डिस्कच्या आत डेटा साठवणाऱ्या तबकड्या फिरतात आणि त्यांच्या प्रत्येक बाजूला तो वाचणारं एक हेड असतं. हे हेड तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते दुखावलेलं असेल, तर मिनिटाला 5,400 फेऱ्यांनी डेटाचा थर खरवडत जातं.

धूळ नसलेल्या हवेच्या कपाटात झाकण उघडलं. मी आधी बघतो तो कोपऱ्यातला इवलासा पांढरा फिल्टर. आतली हवा त्यातून फिरते, म्हणून खरवडलेलं काही असेल तर तिथे अडकतं. त्यावर राखाडी भुकटी होती. बॅटरीचा उजेड तिरका टाकला, तर वरच्या तबकडीच्या बाहेरच्या कडेशी केसाएवढं बारीक वर्तुळ चमकलं. सूक्ष्मदर्शकाखाली चार हेडपैकी त्याच बाजूचं मोडलेलं दिसलं. बाकी तिन्ही धड होती.

या जातीच्या डिस्कमध्ये हेड बाहेरच्या कडेनेच तबकडीवर उतरतात. म्हणजे नवं हेडही त्या चरावरूनच जाणार आणि तेही मरणार. एक बाजू सोडूनच द्यायची होती. पण फाइल एकाच बाजूवर नसते, ती तुकड्यातुकड्याने सगळ्या बाजूंवर वाटलेली असते. प्रत्येक मुलाखतीला भोकं पडणार.

"रेकॉर्डिंग कुठल्या फॉरमॅटमध्ये?"

"डब्ल्यूएव्ही."

मला हायसं वाटलं. व्हिडिओ असते तर बरेचसे उघडलेच नसते. डब्ल्यूएव्हीमध्ये आवाज सहसा न दाबता सलग साठवलेला असतो, म्हणून गेलेला तुकडा मुका होतो, पुढचा आवाज मात्र वाजतो. हे सगळं त्यांना सांगितलं. थोडा वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "तेवढं तरी वाचवा."

त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कमधला हेडचा संच घेतला, त्यातलं चौथ्या, म्हणजे चर पडलेल्या बाजूचं हेड काढून टाकलं आणि मगच वीज दिली. टकटक न करता डिस्क सुरू झाली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. तिन्ही बाजू सावकाश उतरवून घेतल्या.

पहिली फाइल त्यांनी इथेच ऐकली. एक आजी बोलता बोलता मध्येच गप्प होतात आणि अर्ध्या शब्दापासून पुन्हा सुरू होतात. बाईंनी वही काढली आणि गाळलेल्या जागा सोडून उतरवून घ्यायला बसल्या.