फेऱ्या झाल्या, आता खुर्चीवरून उठून दाखवा

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या वयाच्या माणसांची जत्राच असते. कानटोपी, मफलर, नवे बूट, आणि तोंडाला विश्रांती नाही. आमचे हेही त्यातलेच. घरी आले की फेऱ्या किती झाल्या ते आधी जाहीर करतात, मग खाली पडलेला पेपर उचलायला मला हाक मारतात.

चालण्याला मी नावं ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पासष्टीपुढच्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं हालचाल सांगितलीय, तीही बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा दम लागेल अशी. (ह्यांच्या घोळक्याच्या चालीत अख्खा हरिपाठ म्हणून होईल.) पण त्याच सूचनांत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा आणि तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायामही आहे. तो कुणी करत नाही.

माझ्या सासूबाई येळ्ळूरच्या. पावसाळ्यात चिखलात वाकून भाताची रोपं लावायच्या, जेवायला जमिनीवर, निवडण-टिपणही जमिनीवर. दिवसभर उठबस. आपल्याकडे सोफा आला, टेबल आलं, कमोड आला; मांड्यांना कामच उरलं नाही. वयानं स्नायू झडतातच, न वापरले तर आणखी लवकर. मग न्हाणीत पाय घसरला की सावरता येत नाही.

म्हणून दूध तापेपर्यंत मी ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभी राहते, मग दुसऱ्या. दुपारी भिंतीला लावलेल्या खुर्चीवरून हात छातीशी धरून उठायचं, सावकाश बसायचं. उठण्यापेक्षा सावकाश बसणं अवघड, करून बघा. शेजारच्या अक्का येतात आणि कन्नडात हुकूम सोडतात, "एळ्री! कुंद्री!" म्हणजे उठा! बसा! छातीत दुखलं, चक्कर आली तर मात्र थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी तर आधीच विचारावं.

आपल्या बेळगावचा पाऊस सुरू झाला की शेवाळलेल्या वाटेवर फेऱ्या बंद, हे पांघरुणात. आमचं चालूच. परवा ह्यांनाही बसवलं खुर्चीवर. थोड्याच वेळात म्हणाले, ही खुर्चीच बुटकी आहे. आता सुताराला बोलावणार आहेत म्हणे.