आठ दिवस मुकाट्यानं

आमच्या मंडळीत कुणी आजारी पडलं, कुणाचा साखरपुडा ठरला, कुणी नवी रिक्षा घेतली, की लोक माझ्याकडे वळतात. "बाई, प्रार्थना करा." मी पाळकांची बायको, त्यामुळे हे ओघानंच आलं. तेहतीस वर्षांत अशी सवय झालीय की डोळे मिटायचा अवकाश, शब्द रांगेत उभेच असतात. हे कनवाळू परमपित्या, आम्ही तुझी अपात्र लेकरं तुझ्या चरणांशी येतो... मग प्रसंग बघून मधला मजकूर बदलायचा आणि शेवटी येशूच्या नावानं मागून आमेन.

दोन वर्षांपूर्वी एका मयताच्या घरी अशीच प्रार्थना करत होते. गेलेली बाई माझ्या चांगल्या ओळखीची. तिची सून समोर हुंदके देत होती. मधेच माझ्या मनात आलं, घरी दूध ओट्यावर राहिलं की फ्रिजमध्ये ठेवलं? मी अख्खा ओटा डोळ्यांसमोर आणला, पातेलं शोधलं, फ्रिजचं दार उघडून बघितलं, दूध आत आहे अशी खात्री केली. एवढा वेळ तोंडानं प्रार्थना चालूच होती. एक शब्द अडला नाही. नंतर दोघी-तिघींनी हात हातात घेऊन सांगितलं, बाई, फार धीर आला.

त्या रात्री मला झोप आली नाही.

ह्यांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, हसतील. हसले नाहीत. म्हणाले, लोणावळ्याला जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांच्या घरी आठ दिवसांची मौनाची रिट्रीट असते, प्रॉटेस्टंटांनाही घेतात, जाऊन ये. सासूबाईंनी मात्र हातातली सुई खाली ठेवली. "गप्प बसायला तिकडं कशाला जायला पाहिजे? इथं बस की. आम्हालाही बरं." आणि मग खालच्या आवाजात, "तिथं माळ जपायला लावतील हं."

त्यांचंही खरं होतं. आमच्याकडे प्रार्थना म्हणजे आवाज. माझी आजी केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये वाढली. 1905 साली तिथं जे संजीवन, म्हणजे श्रद्धेची जागृती, झालं, शेकडो मुली एकाच वेळी रडत, मोठमोठ्यानं प्रार्थना करत होत्या, ते तिनं तिच्याहून मोठ्या बायकांकडून ऐकलेलं. ती स्वतःही पहाटे अशी प्रार्थना करायची की शेजारच्या घरात लोक उठायचे. आणि आमचं नगर तर ख्रिस्ती अभंग लिहिणाऱ्या रेव्हरंड टिळकांचं. पेटी, टाळ, अभंग, कीर्तन. देवापुढे गप्प बसणं हे आमच्या लेखी एक तर कॅथलिकांचं काम, नाही तर इगतपुरीचं. "विपश्यनेला चाललात का?" असं मला तिघांनी विचारलं. नाही म्हटलं की पुढे काय सांगायचं ते मलाही माहीत नव्हतं.

जुलैचा पहिला आठवडा. घाटात गाडी चढताना बाहेर नुसतं पांढरं. घरात पोचल्यावर फोन एका कापडी पिशवीत घालून द्यायचा, पिशवीवर नाव लिहायचं. खोलीत एक खाट, मच्छरदाणी, टेबल, खुर्ची, भिंतीवर क्रूस. आम्ही चौदा जणं. बहुतेक सिस्टर मंडळी, दोन फादर, आणि मी. मला ऐकून घेणारी सिस्टर वसईची होती, माझ्यापेक्षा वयानं लहान. रोज अर्धा तास तिच्यापुढे बसायचं आणि प्रार्थनेत काय झालं ते सांगायचं. बाकी दिवसभर कुणाशी बोलायचं नाही. जेवताना भाजी हवी असेल तर हात लांब करून घ्यायची. कुणाच्या नजरेला नजरही द्यायची नाही, कारण डोळ्यांनीसुद्धा गप्पा होतात. हे मला पटलं. आमच्या महिला मंडळाच्या अर्ध्या सभा डोळ्यांनीच चालतात.

ही सगळी पद्धत जेझुइट संघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलाची. हा माणूस मूळचा सैनिक. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला, अंथरुणाला खिळला, आणि पुढच्या वर्षी मानरेसा नावाच्या गावात जाऊन जवळपास अकरा महिने प्रार्थना आणि उपास करत राहिला. तिथल्या टिपणांतून ही साधना तयार झाली. पोपची मान्यता मिळाली 1548 मध्ये. पूर्ण साधना तीस दिवसांची आहे, आठ दिवसांची हे तिचं आटोपशीर रूप. सैनिकी शिस्त जागोजागी दिसते. उद्याचा उतारा आदल्या रात्री वाचून ठेवायचा. सकाळी डोळे उघडल्याबरोबर तोच आठवायचा. प्रार्थनेला बसायच्या आधी, बसायच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे, प्रभूची प्रार्थना म्हणायला लागेल एवढा वेळ नुसतं उभं राहायचं आणि देव आपल्याकडे बघतोय हे लक्षात आणायचं. मग तासभर. तास संपला की पाव तास, काय घडलं त्याची उजळणी. दिवसातून असे चार तास, शिवाय दुपारी आणि रात्री दिवसाची झडती.

ते दोन पावलं अलीकडे उभं राहणं मला पहिल्या दिवशी नाटकी वाटलं. आता सगळ्यांत जास्त तेच राहिलंय.

पहिला दिवस मी झोपले. दुसऱ्या दिवशीही झोपले. लाजत सिस्टरला सांगितलं, तर ती म्हणाली, "एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवानं आधी त्याला झोपू दिलं, मग भाकरी दिली. होरेब डोंगरावरचा देवाचा मंद आवाज खूप नंतरचा. झोपा तुम्ही." मी एलीयावर निदान पंधरा वेळा बोलले असेन, आणि दर वेळी मंद आवाजावरच बोलले होते.

तिसरा दिवस वाईट. बाहेरचं बोलणं थांबलं की आतलं थांबेल अशी माझी भाबडी समजूत होती. उलट आत बाजारच भरला. संडे स्कूलच्या पैशांवरून एका बाईशी झालेलं जुनं भांडण मी त्या दिवशी पाच वेळा लढले आणि पाचही वेळा जिंकले. तिला लिहायचं पत्र मनातल्या मनात तयार झालं, वचनांच्या संदर्भांसकट. त्यात शनिवार असल्यामुळे खालच्या कुठल्या तरी बंगल्यात पर्यटकांचं गाणंबजावणं सुरू झालं, रात्री बारापर्यंत धडधड. ते थांबल्यावर घाट चढणाऱ्या मालगाडीचं मागचं इंजिन ऐकू यायला लागलं, ढकलतंय, ढकलतंय.

चौथ्या दिवशी सकाळी मला राहवलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले. तिथल्या मावशी लसूण सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि त्यांच्या नातवंडांपासून सुरुवात केली. दहा मिनिटं काय बरं वाटलं म्हणून सांगू! मागे वळून बघते तर सिस्टर दारात. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "लसूण सोलायला रोज या. पण मुकाट्यानं."

मी खोलीत जाऊन बॅग भरली. संध्याकाळी तिच्यापुढे बसून सांगितलं, मी उद्या जाते, हे माझ्यासारखीचं काम नाही. तिनं इग्नेशियसचा नियम सांगितला. मन कोरडं पडलेलं असताना, ते बरं असताना घेतलेला निर्णय बदलायचा नाही. उलट अशा वेळी तास संपला की थोडं जास्तच बसायचं, पाच मिनिटं का होईना. "बरं वाटेल त्या दिवशी जावंसं वाटलं तर खुशाल जा," ती म्हणाली. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिनं मला बार्तीमयाचा उतारा दिला, मार्काचा दहावा अध्याय. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी ओरडतोय आणि लोक त्याला गप्प बस म्हणून दटावतायत. मला हसूच आलं. मौनाच्या घरात गप्प न बसणाऱ्या माणसाची गोष्ट! पण येशू थांबतो, त्याला जवळ बोलावतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? उत्तर उघड असताना विचारतो.

चॅपेलमध्ये मी एकटीच होते. दोन पावलं अलीकडे उभी राहिले, बसले, आणि सवयीनं सुरू केलं: हे कनवाळू परमपित्या, आम्ही तुझी अपात्र...

आम्ही?

मागे वळून बघितलं. खरंच बघितलं. बाकडी रिकामी. मी कुणाच्या वतीनं बोलत होते? तेव्हा लक्षात आलं की मी एकटी असतानासुद्धा "आम्ही"च म्हणते. आम्हांला क्षमा कर, आम्हांला बळ दे. या "आम्ही"त मी इतक्या वर्षांत इतकी छान लपले होते की देवालाही मला शोधताना त्रास झाला असेल. मग "मी" म्हणून बघितलं. "प्रभू, मला..." पुढे काहीच येईना. रांगेत उभे असणारे सगळे शब्द अनेकवचनी होते. तुला काय हवंय या एका प्रश्नापुढे मी तो तास आणि वरची पाच मिनिटं बसून राहिले. कौलांवरून पाणी गळत होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जे उत्तर आलं ते चार शब्दांचं होतं आणि ते मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्याचा मंडळीशी काही संबंध नव्हता, आणि मी बरीच रडले, आवाज न करता. हे आम्हां मुक्ति मिशनवाल्यांना नवीन.

सिस्टरला म्हटलं, आता "आम्ही" सोडूनच द्यावं की काय. ती म्हणाली, "प्रभूनं शिकवलेली प्रार्थना तर 'हे आमच्या' अशीच सुरू होते ना? सोडू नका. फक्त त्यात तुम्ही आहात का ते बघत जा."

एक गोष्ट मात्र टोचत राहिली, ती टाळत नाही. रोज संध्याकाळी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना, व्हायची. त्यांच्या नियमाप्रमाणे मला प्रभुभोजन घेता येत नव्हतं. रांगेत जाऊन छातीवर हातांची घडी घालायची, फादर आशीर्वाद देणार. आमच्या चर्चमध्ये ताट मीच पुसून ठेवते, द्राक्षरसाचे छोटे पेले मीच मांडते. आणि इथं रिकाम्या हातांनी परत यायचं. मौन असल्यामुळे त्यावर वादही घालता येईना. सासूबाईंची माळेची भीती निराधार निघाली, हे दुखणं मात्र त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

शेवटचे तीन दिवस मी लसूण सोलला. मावशी आणि मी, मधे सूप. बहुधा एवढ्या लोकांना पुरून उरेल इतका सोललाय.

घरी आल्यावर फोन चालू केला तर चारशेच्या वर मेसेज. त्यातले निम्मे शुभप्रभातचे. रविवारी उपासनेनंतर एका मुलाच्या बारावीच्या निकालासाठी उपकाराची प्रार्थना करायला सांगितलं. मी उभी राहिले आणि आधी थोडा वेळ काहीच बोलले नाही, मनातल्या मनात ती दोन पावलं. लोकांना वाटलं, विसरल्या. पुढच्या बाकावरून कुणीतरी हळूच सुचवलं, "हे कनवाळू..."

आता पहाटे नळाला पाणी यायच्या आधी वीस मिनिटं बसते. घरात एकांत मिळेल अशी एकच जागा आहे, ती कोठीची खोली. गव्हाच्या पिंपाशेजारी स्टूल ठेवलंय. आठवड्यातून दोन-तीनदा जमतं. पावसाळ्यात डास फार. मागच्या मंगळवारी दिवा न लावता बसले होते, तर सासूबाईंनी दार ढकललं. अंधारात कुणीतरी बसलेलं बघून दचकल्या. मी बोलले नाही. त्यांनी जरा वेळ बघितलं, हात चाचपत पुढे आल्या, आणि नेहमीच्या त्यांच्या आवाजापेक्षा बऱ्याच हळू म्हणाल्या, "सरक जरा. डाळ काढायचीय."