छिंग दाय: सोरायसिसच्या चट्ट्यांवरची निळी पूड

सोरायसिसला, म्हणजे त्वचेवर कोंडा सुटणारे लाल चट्टे उठवणाऱ्या जुनाट आजाराला, चिनी भाषेत आज 'यिन-श्ये-पिंग' म्हणतात, म्हणजे चांदीच्या कोंड्याचा आजार. त्यावर चिनी वैद्य देतात ते काढे माणसागणिक बदलतात. घशाच्या संसर्गानंतर अंगभर थेंबांसारखे लालभडक ठिपके उठले तर 'रक्तातली उष्णता', कोरडे फिकट जुने चट्टे असतील तर 'रक्ताचा कोरडेपणा', जाड काळपट चट्टे असतील तर 'साकळलेलं रक्त', आणि प्रत्येकाची औषधं वेगळी. म्हणूनच काढ्यांची एकास एक तुलना करणं अवघड जातं. पण या औषधांत एक पूड अशी आहे की ती एकटीच बाहेरून लावून, मोजून, तपासून पाहिली गेली आहे. तिचं नाव छिंग दाय. सोरायसिस असलेल्या माणसाने चिनी औषधांपैकी एकच नीट समजून घ्यायचं ठरवलं, तर मी हेच सुचवेन.

छिंग दाय ही गडद निळी, अगदी हलकी पूड. ती दोन-तीन वेगवेगळ्या वनस्पतींच्या पानांपासून काढतात. त्यांतली एक 'स्ट्रोबिलँथिस कुसिया' ही आपल्या सह्याद्रीतल्या कारवीची जवळची बहीण आहे, दोघींची प्रजाती एकच. पाला दोन-तीन दिवस पाण्यात भिजत ठेवतात. पानं कुजून देठापासून सुटली की काड्या काढून टाकतात आणि शंभर किलो पाल्याला आठ ते दहा किलो या हिशोबाने चुना घालून ते पाणी जोरात घुसळतात. हिरवट काळं पाणी जांभळट लाल होतं, वर फेस येतो. तो फेस काढून उन्हात वाळवला की झाली छिंग दाय. घुसळण्याला कारण आहे. पानांतला रंगहीन पदार्थ पाण्यात फुटतो आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्याचं निळं इंडिगो बनतं. त्याचबरोबर थोडं तांबडं इंडिरुबिनही बनतं. सोरायसिसमध्ये काम करणारा मुख्य घटक हे तांबडं इंडिरुबिन आहे, निळा रंग नव्हे. चिनी औषधकोशाच्या निकषानुसार पुडीत इंडिगो किमान 2 टक्के आणि इंडिरुबिन किमान 0.13 टक्के असायला हवं. उरलेला मोठा भाग चुन्यापासून आलेला असतो.

इथेच पहिली चूक होते. कपड्यांना घालायची नीळ ही छिंग दाय नव्हे. केसांना लावायची नीळपूडही नव्हे. ती वेगळ्याच झाडाची नुसती वाळवलेली पानं असतात, तिच्यात रंग अजून तयारच झालेला नसतो. छिंग दाय म्हणून मिळालेली पूड घरी दोन प्रकारे पारखता येते. चिमूटभर पाण्यावर टाकली तर चांगली पूड बराच वेळ तरंगते. जड, वाळूसारखी खाली बसली तर चुना जास्त आहे. मग अर्धा ग्रॅम पूड 10 मिलिलिटर पाण्यात हलवून थोडा वेळ ठेवा. वरचं पाणी गडद निळं झालं तर कुणीतरी पाण्यात विरघळणारा रंग मिसळला आहे, कारण इंडिगो पाण्यात विरघळत नाही. अशी पूड त्वचेला लावू नका. शिसं आणि इतर जड धातू मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल देणाराच विक्रेता बघावा.

तैवानमधल्या चांग गुंग मेमोरिअल हॉस्पिटलच्या लिन यिन-कू आणि सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेली चाचणी मला फार आवडते, कारण तिची रचना साधी आणि प्रामाणिक आहे. 42 रुग्ण. प्रत्येकाच्या अंगावर दोन्ही बाजूंना सारखेच चट्टे. एका बाजूला छिंग दायचं मलम, दुसऱ्या बाजूला पुडीशिवाय तेच मलम, 12 आठवडे. माणूस तोच, खाणंपिणं तेच, ऋतू तोच; फरक फक्त पुडीचा. 42 पैकी 31 जणांचा औषध लावलेला चट्टा पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेला. प्रमाण होतं एक भाग पूड आणि दहा भाग बेस. बेसमध्ये व्हॅसलीन, पिवळं मेण आणि ऑलिव्ह तेल.

मलम करताना बिघडतं ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी. पूड वस्त्रगाळ नसेल तर खडे राहतात आणि ते चट्ट्यावर घासतात. सोरायसिसच्या त्वचेला हे चालत नाही. जिथे ओरखडा तिथे नवा चट्टा उठू शकतो. दुसरं कारण म्हणजे घाई. मेण-तेल कढत असताना पूड टाकली की ती तळाशी बसते, मग वरचं मलम फिकं आणि खालचं चिखल. आधी खलात थोड्या तेलाबरोबर पूड गुळगुळीत घोटायची, बेस कोमट होऊन घट्ट व्हायला लागला की त्यात मिसळायची आणि थंड होईपर्यंत ढवळत राहायचं. पूड चाळताना तोंडाला मास्क हवाच.

लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दोन दिवस लावून बघा. खाज किंवा लाली आली तर थांबा. चट्ट्यावर जाड खपली असेल तर औषध आत पोहोचतच नाही, म्हणून दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात शेकून, तेल लावून खपली मऊ करायची. नखाने काढायची नाही. मग पातळ थर, दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, जुन्या सुती कपड्यांत. चादरीवरचे डाग पाण्याने निघत नाहीत. भेगा पडून रक्त येणाऱ्या जागी, पू असलेल्या फोडांवर, आणि काखेत किंवा जांघेत हे मलम नको. पुडीत चुन्याचा कस उरलेला असेल तर भेगांत तो झोंबतो, आणि आजार वाढला, का औषधाने आग केली, हेच कळेनासं होतं.

डागांचा त्रास तैवानच्या त्याच गटाने पुढे कमी केला. पूड तेलात उकळून गाळ काढून टाकला की इंडिरुबिन तेलात उतरतं आणि निळं इंडिगो बरंचसं गाळात राहतं. तेल तांबूस जांभळं दिसतं. नखांच्या सोरायसिसवर तेच थेंबाथेंबाने वापरून पाहिलं गेलं. नखाला वेळ लागतो, कारण बिघडलेलं नख बरं होत नाही. मागून नवं नख वाढून ते पुढे ढकलावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही पूड पोटात घेऊ नका. जपानमध्ये आतड्यांच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसवर लोक ती स्वतःहून खात होते; त्यांतल्या काहींना फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढण्याचा गंभीर आजार झाला आणि डिसेंबर 2016 मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने इशारा दिला. सोरायसिसच्या काही चिनी कॅप्सूलमध्येही छिंग दाय असते, म्हणून पाकिटावरची घटकांची यादी वाचायलाच हवी. त्याच यादीत 'लेइ कुंग थंग', म्हणजे ट्रिप्टेरिजियम ही औषधी वेल, दिसलं तर मूल हवं असणाऱ्या स्त्री-पुरुषांनी ते टाळावं. ते वीर्यातल्या शुक्राणूंची संख्या घटवतं, पाळी थांबवतं, यकृत आणि रक्तपेशींवरही परिणाम करतं.

आणि 'चिनी हर्बल क्रीम' म्हणून मिळणारी बिननावाची डबी. 1999 साली इंग्लंडमध्ये त्वचेच्या आजारांसाठी दिलेल्या अशा 11 क्रीम तपासल्या, तर 8 मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. छिंग दायचं काम आठवड्यांचं असतं. दोन-तीन दिवसांत लाली पुसून टाकणाऱ्या, आणि थांबवली की दुप्पट जोराने चट्टे उठवणाऱ्या क्रीममध्ये स्टेरॉइडचा संशय घ्या. ती एकदम बंद करू नका; डबी घेऊन त्वचातज्ज्ञांकडे जा आणि टप्प्याटप्प्याने कशी सोडायची ते विचारा. मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसवरचं डॉक्टरी औषध चालू असेल तर तेही मलमाच्या भरवशावर स्वतःहून थांबवायचं नाही.